आन्स लुईझच्या तीन खुंट्या

शाळेच्या शेवटच्या वर्षी प्रत्येकानं स्वतःच्या डोक्यानं एक शोध-प्रकल्प करायचा, असा परीक्षा मंडळाचा नियम आहे, आणि कॅरियाकू या छोट्या बेटावर तो पाळायची एक ठरलेली रीत आहे. सप्टेंबरात विषय निवडायचा, फेब्रुवारीपर्यंत तो विसरून जायचा आणि मार्च संपता संपता आईला, मावशीला, दुकानदाराला धरून तीस प्रश्नावल्या एकाच पेनानं भरून घ्यायच्या. भूगोलाचे लेंडोर सर वीस वर्षं असे प्रकल्प तपासत आले होते. एकाच पेनाच्या शाईबद्दल त्यांनी कधी कुणाला छेडलं नव्हतं. कुणाकुणाला छेडणार?

डेस्लिन कजोनं मात्र सप्टेंबरातच काम सुरू केलं, आणि सगळा घोळ तिथूनच झाला.

तिचा विषय होता आन्स लुईझची पुळण. समुद्र ती खातो आहे का, आणि खात असेल तर महिन्याला किती. त्यासाठी तिनं होड्या बांधणाऱ्यांकडून सीडर लाकडाचे तीन उरलेले तुकडे मागून आणले, त्यांना टोकं काढली आणि दुरून दिसावेत म्हणून होडीच्या बुडाला लावायच्या लाल रंगात त्यांची डोकी बुडवली. पुळण जिथं संपते आणि जमीन सुरू होते तिथं पन्नास-पन्नास पावलांवर तीन खुंट्या ठोकायच्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्च सुटलं की ओहोटीच्या वेळी खुंटीला फीत अडकवून सरळ पाण्याच्या रेघेपर्यंत चालत जायचं. आकडा वहीत लिहायचा. असं सात वेळा केलं की प्रकल्प झाला.

त्या पुळणीमागची जमीन कजो कुटुंबाची. कुटुंबाची म्हणजे कुणा एकाची नव्हे. खापरपणजोबांनी ती घेतली तेव्हापासून तिची वाटणी झालेली नाही आणि होणारही नाही. ज्याच्या अंगात कजोंचं रक्त आहे त्याला तिथं घर बांधायचा हक्क आहे, मग तो ब्रुकलिनला असो, हडर्सफील्डला असो की अजून पाळण्यात असो. विकायचा हक्क मात्र कुणालाच नाही. असे एक्केचाळीस वारस होते. प्रत्यक्षात तिथं राहत होते दोघंच: डेस्लिनच्या आजीची बहीण टांटी (म्हणजे मावशी) इथ्ना आणि टांटीचा चुलतभाऊ विल्टन. दोघांची घरं हाकेच्या अंतरावर, पण अकरा वर्षं हाक कुणी मारली नव्हती, कारण विल्टननं न विचारता नीरफणसाची एक फांदी तोडली होती. डेस्लिन आईबरोबर वर टेकडीवर राहायची.

अशा जमिनीवर कुंपण नसतं, दगड नसतो आणि खुंटी तर नसतेच नसते. पहिली खुंटी अर्धी आत गेली असेल-नसेल, तोवर टांटी इथ्ना पायऱ्या उतरून खाली आली. वय अठ्ठ्याहत्तर, अंगानं काटकुळी, गळ्यात शिवणकामाची फीत. अर्ध्या बेटाचे शाळेचे गणवेश तिनं शिवले होते आणि झोपतानासुद्धा ती फीत काढत नसावी.

"कुणी पाठवलं गं तुला?"

"शाळेनं, टांटी. प्रकल्प आहे. समुद्र किती पुढं येतो ते मोजायचंय."

"मोजायचा समुद्र, आणि खुंटी माझ्या जमिनीत?"

"आपल्या जमिनीत."

"बघा, तोंड बघा केवढं झालंय! आणि हा लाल रंग?"

"दिसावी म्हणून."

"ते दिसतंय मला," टांटी म्हणाली. खुंटीभोवती तिनं एक फेरी मारली, समुद्राकडे बघितलं, घराकडे बघितलं आणि वर गेली. डेस्लिनला वाटलं, पटलं हिला.

लेंडोर सरांनी वर्गात सांगितलं होतं की खुंटीची जागा दोन पक्क्या खुणांपासून मोजून टिपून ठेवा, एखादं झाड, एखाद्या घराचा कोपरा. डेस्लिननं ते वहीत लिहून घेतलं आणि केलं नाही. कुटुंबाच्या जमिनीवर विसरलेला कोयता महिन्यानंसुद्धा जागच्या जागी सापडतो. तिथल्या खुंटीला कोण हात लावतंय? तिनं फक्त मधल्या खुंटीशेजारी उभं राहून स्वतःचा एक फोटो काढला. मागं बदामाचं झाड होतं. तिची नाळ त्याच झाडाच्या मुळाशी पुरली आहे असं आई सांगायची.

मंडळाला आकडे मीटरात लागतात आणि टांटीला फक्त कापडाचे वार कळतात. गोष्ट टांटीचीही आहे, म्हणून आपण वारच धरू. मधली खुंटी टांटीच्या घरासमोर होती. सप्टेंबरात त्या खुंटीपासून पाणी बारा वारांवर होतं. ऑक्टोबरात ते अकराच्याही आत आलं. नोव्हेंबरात साडेनऊ. डेस्लिन फीत दोनदा, तीनदा लावून बघायची, कारण तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. जानेवारीत उत्तरेच्या मोठ्या लाटा आल्या आणि आकडा सातावर आला. मार्चच्या पहिल्या रविवारी उरले होते चार. तिन्ही खुंट्यांची हीच कथा, थोड्याफार फरकानं.

मोजणारा माणूस फितीकडे बघतो आणि पाण्याकडे बघतो. मागं वळून झाडाकडे तो बघत नाही. खुंटीवरची सावली नाहीशी झाली हे डेस्लिनच्या लक्षात आलं होतं, पण उन्हाळ्याच्या तोंडावर बदामाची पानं लाल होऊन गळतातच, त्यात तिला काही विशेष वाटलं नाही.

सहा महिन्यांत आठ वार! लेंडोर सरांनी आलेख बघितला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितला.

"तीस प्रश्नावल्या कुठायत?"

"नाहीत, सर. मी मोजलंय."

"मोजलंयस," सर म्हणाले. "वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मोजलंय. नमुना म्हणून मंडळाकडं पाच प्रकल्प पाठवायचे असतात, त्यात तुझा सगळ्यात वर ठेवतो. पहिली श्रेणी समज."

ही पहिली श्रेणी डेस्लिनला हवीच होती. सेंट जॉर्जेसच्या कॉलेजात भूगोलाला जागा मोजक्या, आणि बोटीनं तिकडं जाणाऱ्या पोरांमध्ये आपण असावं हे तिनं दोन वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. त्या आनंदात तिनं निष्कर्षाचं पान लिहिलं. घराच्या पायरीपासून पाणी सोळा वार, सहा महिन्यांत गेले आठ, म्हणजे याच वेगानं एका वर्षात समुद्र पहिल्या घराच्या पायरीशी येईल. पहिलं घर टांटीचं होतं. लिहिताना तिला ते सुचलं नाही असं नाही, पण हिशेब इतका सुरेख बसला होता की वाईट वाटायचं राहूनच गेलं.

तिच्या आईला अभिमान वाटला आणि तिनं त्या पानाचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. झालं. हडर्सफील्डहून प्रार्थना आली. टोरांटोहून तीन रडके चेहरे आले. ब्रुकलिनहून टांटीची मुलगी मॅव्हिस हिनं काही पाठवलं नाही, तिनं सरळ आईचं विमानाचं तिकीट काढलं. ईस्टरनंतरचा मंगळवार. आई आता एकटी तिथं राहणार नाही, असं तिनं फोनवर सांगितलं आणि ठेवून दिला.

सगळ्यांना वाटलं, आता म्हातारी घर डोक्यावर घेणार. टांटी इथ्ना म्हणजे रेडिओवर पावसाचा अंदाज सांगणाऱ्याशीसुद्धा भांडणारी बाई. पण तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली. कोंबड्या शेजारच्या वाडीत देऊन टाकल्या. शिवणयंत्राला तेल घातलं, झाकण लावलं आणि डेस्लिनच्या आईला म्हणाली, "तू घेऊन जा." डेस्लिन ते यंत्र उचलायला गेली तेव्हा तिच्यानं राहवलं नाही.

"टांटी, तुला खरंच जायचंय?"

"समुद्र येतोय असं तूच लिहिलंयस ना?"

"हो, पण—"

"मग? समुद्रात बसून राहू?"

एवढं बोलून ती आत गेली. हे डेस्लिनला चमत्कारिक वाटलं. भांडण न करणारी टांटी तिनं जन्मात पाहिली नव्हती.

शुक्रवारी प्रकल्प द्यायचा होता. मंगळवारी शाळा सुटल्यावर ती मुखपृष्ठासाठी फोटो काढायला पुळणीवर गेली. सप्टेंबरातल्यासारखाच काढायचा, म्हणजे आधी आणि नंतर असे दोन फोटो शेजारी लावता येतील. मोबाइलवर जुना फोटो उघडून ती मधल्या खुंटीशेजारी उभी राहिली आणि झाड त्यात येईना. जुन्या फोटोत बदामाचं खोड तिच्यामागं दोन ढांगांवर होतं. आता ते पार मागं, मोजून आठ ढांगा. झाड तर चालत गेलं नव्हतं.

ती पहिल्या खुंटीशी धावली, तिसऱ्या खुंटीशी धावली. जमिनीची कड सोडून तिन्ही खुंट्या समुद्राकडे सरकल्या होत्या. सात महिने ज्या आकड्यांवर ती जीव टाकत होती ते समुद्राचे नव्हतेच, कुणातरी माणसाचे होते.

तिला पहिला संशय आला विल्टनचा. ज्यानं न विचारता फांदी तोडली तो खुंटीही उपटेल. विल्टन घराच्या सावलीत मासे धरायचा पिंजरा विणत बसला होता.

"अंकल विल्टन, माझ्या खुंट्या तुम्ही हलवल्यात?"

"मी?" विल्टननं तार दातांतून काढली. "पोरी, हे गुडघे मला चर्चच्या तीन पायऱ्या चढू देत नाहीत. मी खुंट्या उपटत फिरू?"

"मग कुणी?"

"मी जे बघतो ते सांगत नाही. अकरा वर्षं त्या घराबद्दल एक शब्द काढला नाही, आता तुझ्यासाठी काढू होय?" त्यानं पिंजरा फिरवून घेतला. "एवढंच सांगतो. सोमवारी सकाळी, तुम्ही पोरं शाळेत गेलात की, एक व्यक्ती गळ्यात फीत घालून पुळणीवर फेरी मारते. ती व्यक्ती कोण, ते मला विचारू नकोस."

"तुम्हाला माहीत होतं! सांगितलं का नाही?"

"का सांगू? माझ्यापुढची खुंटीही तिनं तेवढीच पुढं नेली. तिच्यापुढची एक वार, माझ्यापुढची एक वार. बाई भांडकुदळ आहे, पण लबाड नाही."

"आणि मॅव्हिस तिला घेऊन चाललीये, त्याचं तुम्हाला काही नाही?"

विल्टननं पिंजरा खाली ठेवला. "त्याचं वाईट वाटतं," तो म्हणाला. "माझ्याशी न बोलणारंसुद्धा आता तिच्याशिवाय इथं कोण राहिलंय?"

टांटी ओट्यावर हिरव्या तुरीच्या शेंगा सोलत होती. डेस्लिन पायऱ्या चढून तिच्यासमोर उभी राहिली. तिच्या अंगाची लाही झाली होती.

"टांटी, खुंट्या तू हलवल्यास."

सोलणारे हात थांबले नाहीत. "विल्टननं सांगितलं."

"त्यांनी नाव घेतलं नाही."

"नाव न घेता सांगायची त्याची लहानपणापासूनची खोड आहे."

"पण का? मी तुझं काय वाकडं केलं होतं?"

"तू नाही गं." टांटीनं दाणे वाडग्यात टाकले. "पलीकडच्या खाडीत काय झालं ते तुला आठवत नसेल, तू रांगत होतीस. आधी एक कॉलेजातला मुलगा आला. गोड होता बिचारा. झाडं मोजतो म्हणाला, अभ्यास आहे म्हणाला. लोकांनी त्याला जेवायला घातलं. मग जमीन मोजायचं यंत्र घेऊन एक जण आला. मग कागद आला. लाल खुंटीच्या अलीकडचं तुमचं, पलीकडचं हॉटेलचं. ते लोक पोरांना पुढं करतात, पोरांवर कुणी ओरडत नाही म्हणून. तुझी लाल खुंटी बघितली आणि म्हटलं, या पोरीलाही फसवलंय, हिला पत्ताच नाही. मग म्हटलं, खुंटी येणारच असेल तर ती पाण्याजवळ असू दे. एक्केचाळीस जणांची जमीन आहे."

"मी सांगितलं होतं तुला, शाळेचा प्रकल्प आहे!"

"त्या मुलानंही तसंच सांगितलं होतं."

डेस्लिन खालच्या पायरीवर बसली. "किती हलवल्यास?"

"दर महिन्याला एक वार. जास्त सरकवली असती तर आंधळ्यालाही दिसलं असतं."

"नक्की एक वार?"

टांटीनं गळ्यातली फीत हातात घेतली. आता मात्र तिला राग आला. "पंचावन्न वर्षं मी कापड मोजतेय. कुणाची बाही अर्धा इंच लांब झाली नाही. तिन्ही खुंट्या, प्रत्येकी एक वार, सहा वेळा. विल्टनलाही कमी दिलं नाही."

"मग समुद्र तेवढा आलाच नाही हे तुला माहीत होतं! मॅव्हिसला का नाही सांगितलंस? नुसती कोंबड्या वाटत बसलीस?"

"काय सांगू? तिला म्हणू, तुझ्या आईनं चोरून खुंट्या सरकवल्या?" टांटीचा आवाज खाली आला. "बायबलात शाप आहे त्याला, ठाऊक आहे ना? शेजाऱ्याची हद्द सरकवणाऱ्याला. दरवर्षी ईस्टरआधीच्या उपासाच्या सुरुवातीला पाद्री ते मोठ्यानं वाचतो आणि आम्ही सगळे मिळून आमेन म्हणतो. यंदा मी म्हणाले नाही, शेजारणीनं वळून बघितलं माझ्याकडं. ते काही नाही. मी ब्रुकलिनला जाईन, थंडीत मरेन, पण माझं नाव या गोष्टीत कागदावर यायचं नाही. कळलं?"

बुधवारी डेस्लिननं लेंडोर सरांना सगळं सांगितलं. सर वर्गाच्या दाराशी उभे होते. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"दोन खुणांपासून मोजून ठेव म्हणालो होतो की नाही?"

"म्हणाला होतात, सर."

"आठातून सहा गेले. राहिले दोन," सर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. वीस वर्षांत मिळालेला पहिला खरा आकडा खोटा निघाला, हे त्यांना डेस्लिनइतकंच लागलं असावं. "दोन वार म्हणजे काही नवल नाही. हिवाळ्यात उत्तरेच्या लाटा वाळू नेतातच. उन्हाळ्यात थोडी परत येते."

"मी हे लिहू का?"

"प्रकल्पात अडचणींचं एक पान असतं. आजवर सगळ्यांनी त्यावर एकच अडचण लिहिलीय, पाऊस पडला आणि वेळ कमी पडला. तू लिहिलंस की माझ्या आजीच्या बहिणीनं खुंट्या हलवल्या आणि खरा आकडा तिच्या सांगण्यावरून काढलाय, तर मंडळ मार्क कापणार. मंडळानं नाही कापले तर मला कापावे लागतील. पहिली श्रेणी विसर."

"आणि नाही लिहिलं तर?"

सर खिडकीबाहेर बघू लागले. "तर तू आज माझ्याकडं आलीच नव्हतीस," ते म्हणाले. "शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत वेळ आहे."

डेस्लिन घरी जाऊन त्यांच्यावर मनातल्या मनात खूप चिडली. सरांनी एक काहीतरी सांगायला हवं होतं, लिही किंवा नको लिहू. त्यांनी दोन्ही दारं उघडी ठेवली आणि स्वतः बाजूला झाले. एकीकडे सेंट जॉर्जेस होतं. दुसरीकडे ईस्टरनंतरच्या मंगळवारी विमानात बसणारी टांटी होती, तीही डेस्लिनच्याच आकड्यामुळं. रात्रभर ती कुशीवरून कुशीवर वळत राहिली. गुरुवारी शाळेतून ती सरळ आन्स लुईझला गेली. दप्तरात अडचणींचं कोरं पान होतं.

टांटी पेटी भरत होती. लोकरीचे दोन स्वेटर, मॅव्हिसनं कधीतरी पाठवलेले, अजून पिशवीतून न काढलेले.

"मी लिहिणार आहे, टांटी."

"मी काय म्हणाले होते?"

"तू मला फटके मारलेस तरी लिहिणार आहे. खोट्या आकड्यावरून तू जायचं आणि मी कॉलेजात बसून भूगोल शिकायचा? माझ्यानं नाही होणार ते." "तुझं नाव घालत नाही. 'स्थानिक व्यक्तीनं खुंट्या हलवल्या' एवढंच लिहिते."

"स्थानिक व्यक्ती म्हणजे?"

"म्हणजे इथं राहणारं कुणीतरी."

टांटीनं हातातला स्वेटर खाली ठेवला. "इथं राहतात दोघं," ती म्हणाली. "तुझी आई तो कागद पुन्हा ग्रुपवर टाकणार. एक्केचाळीस जण वाचणार आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस म्हणणार, विल्टन. फांदी तोडणारा तोच ना!"

"म्हणू देत. त्यांना काय फरक पडतो?"

"फरक?" टांटी केवढ्यानं तरी ओरडली. "मी त्याच्याशी बोलत नाही ते फांदीसाठी. त्यानं जे केलं त्यासाठी! न केलेल्या गोष्टीसाठी त्याला बोल लावलेला मी ऐकून घेणार नाही. आण इकडं ते पान." ती टेबलाशी जाऊन बसली. पान तिनं तळहातानं सपाट केलं, कापड करतात तसं. "लिही. इथ्ना थिओडोरा कजो. पूर्ण लिही. आणि लिही की तिनं तिन्ही खुंट्या सारख्याच सरकवल्या. मॅव्हिसला मी आज स्वतः सांगते. ओरडेल, ओरडू दे."

डेस्लिनच्या जिवात जीव आला. पहिली श्रेणी गेली होती, पण त्या घटकेला तिला त्याचं काही वाटलं नाही. ती शेजारी बसली आणि टांटीनं सांगितलं तसं एकेक वाक्य लिहीत गेली. पान भरल्यावर टांटीनं ते ओठ हलवत वाचलं आणि एका ठिकाणी बोट ठेवलं.

"मग खरा किती आला तो?"

"दोन वार."

"सहा महिन्यांत."

"हो. सर म्हणतात, उन्हाळ्यात वाळू परत येते."

"येते. नेलेली सगळी येत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षं बघतेय मी." टांटी खिडकीतून बाहेर बघत होती. "दोन म्हणजे वर्षाचे चार धर. आणि पायरीपासून पाणी सोळा."

"म्हणजे चार वर्षं!" डेस्लिन म्हणाली. हेच तर सांगायला ती आली होती. "एक नाही, टांटी, चार! कदाचित जास्तच. तुला कुठंही जायला नको."

"चार," टांटी म्हणाली. तिनं पेटीतले स्वेटर काढून पुन्हा पिशवीत घातले आणि पिशवीचं तोंड बांधलं. "चार मला पुरतील. मला काय, तीनही पुरतील." मग ती डेस्लिनकडे वळली. "पण तू घर कुठं बांधशील गं?"

डेस्लिननं सांगायला तोंड उघडलं. सोळा हा आकडा तिनं स्वतः मोजला होता, भागाकारही तिनंच केला होता, आलेखाची रेघ तिच्याच हातची होती. त्या एक्केचाळिसात आपणही एक आहोत, हे सात महिन्यांत तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. समुद्र टांटीच्या घराकडे येतोय असंच ती धरून चालली होती. तिला एकदम रडू कोसळलं, लहान पोरासारखं, आणि ते लपवायला तिला जागा सापडेना.

टांटीनं तिला रडू दिलं. मग पेन उचलून तिच्या हातात दिलं.

"निष्कर्षाचं पान राहिलंय," ती म्हणाली. "तेही खरं लिही. उद्या दोनला द्यायचंय ना?"

डेस्लिननं जुनं पान फाडलं आणि नव्या पानावर तारीख घातली.